तो घोळक्यात असेल

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२



ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरात एकही आठवडा काही ना काही घडल्याशिवाय जात नाही. आमची थोरली सहा वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा. थोरलीने नाताळच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कात्री घेऊन स्वतःचे केस पुढून कापले आणि तशीच ती देवदूत झाली. धाकट्याने एका रविवारी उपासनेला निघता निघता नाकात हरभरा घातला. आम्ही तो काढायच्या खटपटीत असताना तो मात्र आनंदाने सांगत होता, "दुसऱ्या नाकात पण मावतो." सायकलच्या पंपाने त्याने पिठाच्या डब्यात हवा भरली, तेव्हा मी रागावू की हसू हे मला कळेना. अशा गोष्टी दोन दिवसांत घरातल्या विनोदाचा भाग होतात.

या अंकासाठी मला कुटुंबावर पाठ लिहायला सांगितले, तेव्हा मनात आली ती गोष्ट मात्र विनोदाची झालेली नाही. तिला एक वर्ष होत आले. ती आठवली की आजही हाताला कंप सुटतो. पण प्रभूने त्या गोष्टीतून मला जे शिकवले, ते आपणापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे.

बाजाराचा दिवस

आम्ही नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात, अक्राणी तालुक्यात राहतो. आमच्याकडे आठवडे बाजार म्हणजे नुसती खरेदी नसते. पाड्यापाड्यांवरून भिल्ल आणि पावरा कुटुंबे दोन-दोन तास डोंगर उतरून येतात. माहेरच्या माणसांची गाठ पडते, सोयरिकीची बोलणी होतात, मुलांना शेव-जिलेबी मिळते. आमच्या मुलांनाही हीच एक सहल. बागा आणि सिनेमे इथे नाहीत, आणि त्यांना त्यांची उणीवही भासत नाही.

जानेवारीचा महिना होता. मी आणि माझे यजमान दोन्ही मुलांना घेऊन गेलो होतो. वसतिगृहासाठी तेल आणि डाळ घ्यायची होती, ते काम यजमानांचे. मी भाजीच्या बाजूला गेले. थोरली माझे बोट धरून होती. धाकटा बापाचा लाडका, म्हणून तो त्यांच्या मागे गेला असणार असे मी धरून चालले. इकडे त्यांनी मागे वळून पाहिले होते, तर तो माझ्या दिशेने पळताना दिसला होता. त्यांनी धरले की तो माझ्याकडे पोचला.

अर्ध्या तासाने जीपच्या थांब्यावर आम्ही भेटलो.

"अहो, बाळ कुठे आहे?"

"तुझ्याकडे आला ना?"

पुढे दोघेही काही बोललो नाही. माझ्या हातातली भाजीची पिशवी कुठे पडली ते मला आजही आठवत नाही.

१. 'असेल' हा शब्द

लूक आपल्याला सांगतो की योसेफ आणि मरीया दरवर्षी वल्हांडण सणासाठी यरुशलेमास जात असत. येशू बारा वर्षांचा असताना ते नेहमीप्रमाणे गेले. सण संपल्यावर परत निघाले. नासरेथची वाट शंभराहून अधिक किलोमीटरची, पायी तीन-चार दिवसांची. चोर-लुटारूंच्या भयाने लोक एकत्र, तांड्याने चालत. त्या तांड्यात नातेवाईक होते, गावकरी होते, ओळखीची माणसे होती. मुलगा त्यांच्यातच कुठेतरी असेल असे समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले.

काही भाष्यकार म्हणतात की अशा प्रवासात स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या गटांनी चालत असावेत, म्हणून दोघांनाही वाटले की मुलगा दुसऱ्याकडे आहे. लूक तसे स्पष्ट सांगत नाही. पण आमच्या बाबतीत अगदी असेच घडले, म्हणून मला ते सहज पटते.

इथे लूकाने वापरलेल्या 'समजणे' या क्रियापदाकडे लक्ष द्या. मूळ ग्रीक भाषेतील तेच क्रियापद त्याने प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातही वापरले आहे. मोशेला वाटले की आपल्या हातून देव सुटका करीत आहे हे आपल्या बांधवांना समजेल, पण त्यांना ते समजले नाही (प्रे. कृ. ७:२५). लुस्त्र येथे लोकांनी पौल मेला असे समजून त्याला नगराबाहेर ओढून नेले, पण तो उठून उभा राहिला (१४:१९-२०). फिलिप्पै येथे बंदिशाळेच्या अधिकाऱ्याला वाटले की कैदी पळून गेले, आणि तो जीव द्यायला निघाला. कैदी तर सगळे आतच होते (१६:२७-२८). या प्रत्येक ठिकाणी माणसाने न पाहता काही गृहीत धरले आणि ते चुकीचे ठरले.

योसेफ आणि मरीया निष्काळजी होते काय? नाही. देवाने आपल्या पुत्राला वाढविण्यासाठी निवडलेले ते आईबाप होते. ते धार्मिक होते, प्रेमळ होते, आणि आपल्या माणसांत होते. नेमके याच कारणाने त्यांनी गृहीत धरले. अनोळखी माणसांत आपण मुलाचा हात सोडत नाही. हात सुटतो तो आपल्या माणसांत, जिथे प्रत्येकाला वाटते की कोणीतरी बघत असेल.

२. परत फिरणे

मुलगा तांड्यात नाही हे कळल्यावर त्या दोघांनी आधी नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत शोध केला. तो सापडला नाही, तेव्हा ते उलट फिरले. चाललेली सारी वाट पुन्हा चालून ते यरुशलेमास आले. तीन दिवसांनी तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचे ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना सापडला. एक दिवस जाण्याचा, एक दिवस परतण्याचा आणि तिसरा शोधण्याचा, असा हिशेब बहुतेक अभ्यासक मांडतात.

एक दिवसाच्या चुकीची दुरुस्ती एका दिवसात होत नाही, हे आईबापांनी लक्षात ठेवावे.

आम्ही काय केले ते सांगते, कारण ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी आम्ही दोघेही वेड्यासारखे वेगवेगळ्या दिशांना धावलो, आणि ती चूक होती. एका दुकानदाराने यजमानांना थांबवून सांगितले, "एक जण इथंच उभं राहा. पोरगं परत आलं तर कोणीतरी पाहिजे ना." मग थोरलीला घेऊन यजमान थांब्यावर उभे राहिले आणि मी मागे फिरले. शेवटचा तो जिथे दिसला होता तिथे जाऊन प्रत्येकाला विचारत निघाले: निळा स्वेटर, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल त्याने सकाळीच नाल्यात टाकली होती.

तुमच्यावर असा प्रसंग आला, तर हेच करा. एकाने जागा सोडू नये, दुसऱ्याने आलेल्या वाटेने मागे जावे, आणि लाजेखातर विचारायचे थांबू नये. पोलिसांना लगेच कळवावे. बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक देशभर विनाशुल्क चालतो, तो पाठ असू द्या. चार वर्षांच्या मुलाला 'आई' आणि 'पप्पा' यांपलीकडे आईबापांची खरी नावे आणि गावाचे नाव सांगता आले पाहिजे. आमच्या मुलाला ते येत नव्हते. आज येते.

मी प्रार्थना केली का, असे काही भगिनी विचारतात. केली, पण तिला शब्द नव्हते. "प्रभू, प्रभू" एवढेच तोंडातून येत होते. तेवढे प्रभूला पुरले.

३. 'तुझे वडील आणि मी'

मरीयेने मुलाला पाहताच जे विचारले ते प्रत्येक आईच्या तोंडचे आहे: तू आमच्याशी असा का वागलास? आम्ही दुःखी होऊन तुला शोधत होतो. इथला 'दुःखी' हा शब्दही साधा नाही. लूकाने तोच ग्रीक शब्द श्रीमंत मनुष्याच्या यातनेसाठी वापरला आहे (लूक १६:२४). पौलाचे तोंड पुन्हा दिसणार नाही म्हणून इफिसचे वडील रडले, तिथेही तोच शब्द आहे (प्रे. कृ. २०:३८). प्रभूच्या आईने ही वेदना भोगली आहे. म्हणून ज्यांचे मूल हरवले, आजारी पडले किंवा दुरावले, त्यांनी असे समजू नये की आपला विश्वास कमी पडला.

पण मला या वाक्यात आणखी एक गोष्ट दिसते. मरीया म्हणते, तुझे वडील आणि मी. तीन दिवसांच्या त्या धावपळीत 'तुम्ही बघायला हवे होते' आणि 'तू का नाही पाहिलेस' असे बोलणे झाले असेल की नाही, लूक सांगत नाही. पण शेवटी मरीयेच्या तोंडी दोषाची वाटणी नाही. दोघांचे दुःख तिने एकत्र सांगितले.

आमच्या घरी त्या रात्री तसे झाले नाही, हे मी कबूल करते. मूल सुखरूप घरात झोपले होते आणि आम्ही चुलीपाशी बसून एकमेकांना दोष देत होतो. मी म्हटले, तुम्ही मागे वळून पाहिलेत तर हाक का मारली नाही. ते म्हणाले, तू त्याला माझ्या ताब्यात दिलेच कधी? दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी हाच उतारा काढला. 'तुझे वडील आणि मी' या शब्दांपाशी ते थांबले आणि त्यांना पुढे वाचता येईना. आम्ही दोघांनी देवाची आणि एकमेकांची क्षमा मागितली. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंडाने सांगायचे, "हा तुमच्याकडे," आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, "हो, माझ्याकडे." मुलांना याची फार गंमत वाटते. आता धाकटा स्वतःच ओरडतो, "मी पप्पांकडे!"

तो कोणाजवळ सापडला

चाळीस मिनिटांनी तो सापडला. बाजारातून जीपच्या थांब्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक म्हातारी पावरी बाई बसली होती. तिच्यापुढे थोडे उडीद आणि डालग्याखाली दोन गावठी कोंबड्या. डालग्याशेजारी मांडी घालून आमचे चिरंजीव भाजलेल्या शेंगा खात बसले होते. कोंबड्यांच्या मागेच तो गेला होता. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने त्याचा हात घट्ट धरला होता, आणि तिच्या दुसऱ्या कडेवर तिचा स्वतःचा लहान भाऊ होता.

मी त्याला उचलून रडू लागले. तो म्हणाला, "आई, तू का रडतेस? मी तर इथेच आहे." मी माझ्या मुलाची तुलना प्रभूशी करीत नाही. आपल्या पित्याच्या घरात आपण असायला हवे हे येशू जाणत होता. माझा मुलगा फक्त कोंबडी जाणत होता. पण आपण हरवलो असे त्यालाही वाटले नव्हते. हरवलो होतो आम्ही.

मग म्हातारीकडून कळले की तिची जागा खरे तर आत, बाजाराच्या मध्यावर होती. गिऱ्हाईक तिथे असते. पण हे पोर एकटे दिसल्यावर ती नातीला म्हणाली की याची आई याच रस्त्याने जाणार, आपण तिथे जाऊन बसू. तिने आपले उडीद आणि कोंबड्या उचलल्या आणि जिथे काही विकले जात नाही अशा जागी येऊन बसली. यजमानांनी दोन्ही कोंबड्या घेतल्या. त्यांनी जास्त पैसे पुढे केले, तर तिने बाजारभावाएवढे मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले.

आणि ती मुलगी? तिच्याकडे नीट पाहिल्यावर माझ्या पायांतले बळ गेले. मी तिला ओळखत होते. आमच्या पाड्यावरच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला ती पावसाळ्यात येत असे. दिवाळीनंतर येईनाशी झाली. त्या सुमारास आमच्याकडची बरीच कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. माझ्या वहीत मी तिच्या नावापुढे लिहिले होते, "आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली असेल." आणि नावावर रेघ मारली होती.

असेल! बंधुभगिनींनो, हा शब्द माझ्याच अक्षरात होता.

ती कुठेही गेली नव्हती. आईबाप गेले होते. जाताना धाकट्या भावाला आजीपाशी ठेवून गेले, आणि आजीला एकटीला तो आवरेना म्हणून ही मागे राहिली. आमच्या वर्गापासून दीड तासाच्या वाटेवर, वरच्या पाड्यावर, ती अडीच महिने भाऊ सांभाळत होती. मी समजत होते ती आईबापांबरोबर आहे. आईबाप समजत होते ती शाळेत जाते. आम्ही सारे तिच्याच तांड्यातली माणसे, आणि ती आमच्यात आहे की नाही हे कोणी पाहिले नव्हते. माझ्या मुलासाठी मी चाळीस मिनिटांत सारा बाजार पालथा घातला. तिच्यासाठी अडीच महिन्यांत मी दीड तास चढले नाही.

आणखी एक कबुली देते. पाड्यांवरच्या मातांच्या सभेत मीच तक्ता लावून सांगत असे की लहान मुलांना मोठ्या बहिणींवर सोडू नका, मूल सांभाळणे ही आईची जबाबदारी आहे. त्या आया ऐकून घेत. त्या दिवशी शिकवण देणारीचे मूल हरवले होते, आणि ज्यांना ती शिकवीत होती त्यांनी ते आपल्या कामाचे नुकसान करून सांभाळले.

४. मनात ठेवणे

लूक म्हणतो की मुलाचे उत्तर आईबापांना समजले नाही, पण त्याच्या आईने या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या. आणि मुलगा नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला, ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. मनात ठेवणे म्हणजे आठवून उसासे टाकणे नव्हे. ज्या गोष्टीने आपल्याला हलविले तिला आपले वागणे बदलू देणे, असा मी त्याचा अर्थ घेते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे वरच्या पाड्यावर चढलो. "शाळेत पाठवा" एवढे सांगून भागणार नव्हते, हे आता कळले होते. भावाचे काय करायचे हा प्रश्न खरा होता. तेव्हा आमच्या बालवाडीत आम्ही असा बदल केला की मोठी बहीण धाकट्या भावंडाला घेऊन येऊ शकेल. आता भाऊ बालवाडीत खेळतो आणि ती शेजारच्या खोलीत शिकते. सकाळी वरच्या पाड्यावरची मुले एकत्र उतरतात, आणि आमच्यातले एक जण त्यांना घ्यायला अर्ध्या वाटेपर्यंत जाते.

सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. आजही ती आठवड्यातून दोन दिवस येत नाही. आजीला ताप आला, लाकडे आणायची असली, बाजार असला, की ती नसते. पण आता ती आली नाही तर संध्याकाळपर्यंत आम्हाला कारण माहीत असते. वहीतला तो रकाना मी बदलला आहे. 'असेल' लिहायचे नाही. एक तर 'पाहिले' लिहायचे, नाही तर 'पाहायला जायचे आहे'.

आपली प्रार्थना आणि आपले दान या डोंगरातल्या मुलांपर्यंत पोचते, त्याबद्दल आम्ही देवाचे आणि आपले आभार मानतो. त्याचबरोबर नम्रपणे एवढेच विचारते: आपल्या मंडळीत, आपल्या गल्लीत, आपल्याच घरात असे कोणी आहे काय, जे घोळक्यात असेल असे समजून आपण एक दिवसाची वाट पुढे चालून आलो आहोत? रविवारी न दिसणारा तरुण, आजारपणामुळे घराबाहेर न पडणारी वृद्ध भगिनी, अचानक गप्प झालेले आपले मूल? मागे फिरायला उशीर झालेला नाही. योसेफ आणि मरीया एक दिवस पुढे गेले होते, तरी ते परत फिरले, आणि तो त्यांना सापडला.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या कुटुंबात कोणती जबाबदारी 'दुसरा बघत असेल' म्हणून कोणीच बघत नाही?

२. एखादी चूक झाल्यावर पती-पत्नी म्हणून आपण 'तू' म्हणतो की 'आपण'? लूक २:४८ पुन्हा वाचा आणि एकमेकांशी बोला.

३. ज्यांना मदत करतो असे आपण समजतो, त्यांच्याकडून आपण शेवटचे कधी काही शिकलो?

४. मंडळीतील अशा एका व्यक्तीचे नाव लिहा जिची बरेच दिवसांत भेट झालेली नाही. पुढच्या रविवारपूर्वी तिच्या घरी जा.

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीसाठी गेलेली कुटुंबे सुखरूप परत यावीत. त्यांच्या मागे आजी-आजोबांपाशी राहिलेल्या मुलांचे रक्षण व्हावे. वरच्या पाड्यांवर रोज चालत जाणाऱ्या सेवकांना बळ मिळावे. आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या लहान बहिणींना स्वतःचे बालपणही मिळावे.

प्रभू आपणा सर्वांच्या मुलाबाळांना सुखरूप ठेवो. आमेन.